चौदा दिवसांची वही: आपण जे खातो ते का खातो हे शोधायचं असेल तर

आधीच सांगून टाकतो, हे डाएटचं काही नाहीये. वजन, कॅलरी, प्रोटीन, रात्री भात खावा की नाही, यातलं काहीही इथे मिळणार नाही, ते सांगायला भरपूर लोक बसलेत. इथे प्रश्न एवढाच आहे की आपण जे खातो ते का खातो, आणि "मला आवडतं म्हणून" हे जे आपलं ठरलेलं उत्तर असतं त्यात आपलं स्वतःचं किती आणि दुसऱ्यांचं किती.

तीनेक वर्षांपूर्वी मी अन्न आणि संस्कृती या विषयाचा एक छोटा कोर्स केला, शनिवार-रविवारवाला. मला वाटलेलं इतर देशांचं खाणं शिकवतील, इथिओपियातला इंजेरा, जपान्यांचं लोणचं वगैरे. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, आधी आपापल्या घरचं ताट लिहून आणा. सगळे हसले, की वरण-भात-भाजी-पोळी, त्यात लिहायचंय काय. पुढचे दोन महिने तेच लिहीत होतो आणि तरी संपलं नाही. नंतर मी मित्रांना, एका भाच्याला, ऑफिसमधल्या दोघीतिघींना हे करायला लावलं, आणि नवीन माणूस नेमका कुठे अडतो ते लक्षात येत गेलं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय.

पुढे घरचेच दाखले येणार आहेत म्हणून ओळख करून देतो. वडिलांकडून आम्ही बार्शीकडचे, आईचं माहेर संगमेश्वर, बायको अमरावतीची, आणि आता सगळे पुण्यात एका टू बीएचकेमध्ये, आजीसकट.

आधी वही, आणि वहीच

मोबाइलवरचं ॲप नको. ॲप तुम्हाला "१ वाटी पोहे" एवढंच लिहू देतं, आणि आपल्याला वाटीशी काही देणंघेणं नाही. साधी दोनशेपानी वही घ्या आणि आडवी धरून रकाने पाडा: वेळ, काय खाल्लं, कुठे बसून, कोणाबरोबर, कोणी केलं, सामान कोणी आणलं, आणि शेवटी "का". शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. मागच्या पानांवर एक वेगळी यादी करा, "नको म्हटलं" अशी, म्हणजे समोर असूनही जे खाल्लं नाही ते. लोक ही यादी विसरतात आणि मग पस्तावतात, कारण माणूस काय खात नाही यावरून त्याचं जेवढं कळतं तेवढं काय खातो यावरून कळत नाही.

दिवस निवडताना थोडं कॅलेंडर बघा. चौदा दिवसांत एखादा उपवास, एखादं लग्न किंवा बारसं किंवा वाढदिवस, आणि जमलं तर महिनाअखेर यायला हवी, पगाराच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा यात जो फरक पडतो तो वहीत उतरलाच पाहिजे. आणि पहिले तीन दिवस धरूच नका. पहिले तीन दिवस माणूस वहीसाठी खातो, सफरचंद कापून खातो, बदाम भिजत घालतो, चौथ्या दिवशी सवयीवर येतो आणि रात्री साडेअकराला उभ्याने शेव खातो, ती शेव आपल्याला हवीय.

माझी एक नोंद अशी आहे, तशीच उतरवतो: "मंगळवार, ८:१०, पोहे, ओट्याशी उभ्याने, एकटा, आईने केले, सामान बाबांनी आणलं, का: समोर ठेवले म्हणून. भूक नव्हती." शेवटचे दोन शब्द लिहायला मला पाच दिवस लागले. आधी सगळीकडे "भूक" लिहीत होतो. नंतर खरं यायला लागलं, घड्याळ, उरलं होतं, नाही म्हटलं असतं तर वाईट दिसलं असतं, कंटाळा, दुसऱ्याने घेतलं म्हणून.

चहा वेगळा मोजा

चौदा दिवसांत मी त्रेपन्न कप चहा प्यायलो. त्यातला "प्यावासा वाटला" असा फक्त नऊ कप. बाकीचे चव्वेचाळीस कप म्हणजे कोणीतरी आलं, कोणाकडे तरी गेलो, मीटिंग लांबली, बँकेत नंबर यायचा होता, भांडण झालेल्या सहकाऱ्याशी पुन्हा बोलायला निमित्त हवं होतं. म्हणजे चहा मी पितोय कुठे, चहा मला माणसांत नेऊन बसवतोय.

त्यातली साखर हा अजून एक धागा. सिडनी मिंट्झ नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये साखरेच्या इतिहासावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्याचा गाभा असा की कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेल्या उसाची साखर इंग्लंडात आधी श्रीमंतांची चैन होती आणि नंतर तीच गिरणी कामगाराच्या चहात जाऊन त्याचं रोजचं पोट भरायची सोय झाली. हे ऐकलं आणि मी आजीला विचारलं, तुमच्याकडे साखर कधी आली? ती म्हणाली, लहानपणी घरच्यांना गुळाचा चहा आणि पाहुण्याला साखरेचा. पाहुणा परत निघाला की साखरेचा डबा फडताळात वरती. आता बघा, सहकारी तत्त्वावरचा पहिला साखर कारखाना प्रवरेला १९५० मध्ये सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तो उभा केला, पुढे कारखाने वाढत गेले आणि आज आमचा सोलापूर जिल्हा भरपूर कारखान्यांसाठी ओळखला जातो, दुष्काळी जिल्हा असून. आणि पुण्यात आमच्या कोपऱ्यावर "गुळाचा चहा" अशी पाटी लावलेलं दुकान आहे, तिथे कप साध्या टपरीपेक्षा महाग. आजीला नेलं होतं. तिने पाटी वाचली, दर वाचला, आणि म्हणाली, म्हणजे आम्ही श्रीमंतच होतो की.

मग डबे काढा

एक रविवार सकाळ यासाठी ठेवा आणि घरात जो स्वयंपाक करतो त्याची परवानगी घेऊन मगच फडताळाला हात लावा, नाहीतर तिथेच संपेल सगळं. एकेक डबा काढायचा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न: कुठून आणलं, पिकतं कुठे, आणि आपल्याकडे आलं कधी. पहिल्याचं उत्तर घरात मिळतं, दुसऱ्याचं थोडं पाकिटावर आणि थोडं वाण्याकडे, तिसऱ्यासाठी वाचावं लागतं.

मिसळणाच्या डब्यापासून सुरुवात करा कारण तिथेच पहिला धक्का बसतो. हिंगाशिवाय आमच्या घरात आमटीला फोडणी बसत नाही, पण हिंग वर्षानुवर्षं अफगाणिस्तान, इराणकडून येतो, भारतात त्याची लागवड करायचा सरकारी प्रयोग हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात सुरू झाला तो २०२० मध्ये. लाल तिखट ज्या मिरचीचं आहे ती मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी आणलेली, त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं. सोलापूरची शेंगदाण्याची चटणी, जिच्यावर आम्ही छाती फुगवून बोलतो, तिच्यातला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. काजू, अननस, कोबी, पाव, बटाटा हे शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेत, आणि उत्तरेत आलू म्हणतात तिथे आपण अजून बटाटाच म्हणतो. गोव्यातला पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी भोंगा वाजवत येतो त्याचं नावही तिकडचंच.

इथे नवीन माणूस हमखास एक चूक करतो, की चिडतो किंवा जिंकल्यासारखं करतो. "म्हणजे आपलं काहीच नाही!" किंवा "बघा, तुमची परंपरा बोगस!" दोन्ही उथळ आहे. ज्वारी घ्या ना. ज्वारीसुद्धा मूळची आफ्रिकेची, फक्त ती काही हजार वर्षांपूर्वी आली, बाजरीचंही तसंच. मग ज्वारी आपली नाही म्हणायची का? मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रात मालदांडीच्या देशी वाणातून निवडून काढलेली रब्बी ज्वारी आमच्या भागात तीन पिढ्या पेरतायत, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय, म्हणजे त्या गावाच्या नावाचं सरकारी मानांकन, मिळालाय, जानेवारीत हुरडा खायला पुण्याहून गाड्या भरून लोक जातात. वस्तू बाहेरची असते, पण तिचं काय करायचं हे इथल्या हातांनी ठरवलेलं असतं, आणि अभ्यास त्या हातांचा करायचा.

अजून एक, गोष्टींपासून सांभाळा. प्रत्येक पदार्थाची एक गोष्ट असते आणि ती बहुतेक वेळा कोणीतरी मागाहून जोडलेली असते. सांबारला संभाजीराजांचं नाव पडलं, तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात ते पहिल्यांदा झालं, ही आख्यायिका मला फार आवडते, पण तिला ठोस पुरावा नाही, त्यामुळे वहीत ती "लोक असं सांगतात" या शीर्षकाखाली जाते. खोटी म्हणून फेकायची नाही. तंजावरच्या मराठी घरांना ती सांगावीशी का वाटते, हीसुद्धा माहितीच आहे.

उपवासाची यादी: ही पायरी अजिबात चुकवू नका

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि एवढं करा. पाच घरांतून उपवासाला काय चालतं आणि काय नाही याची यादी गोळा करा. पाच घरं निवडताना सगळी एकाच जातीची किंवा एकाच गावची घेऊ नका.

मी सुरुवात घरातून केली आणि तिथेच भांडण लागलं. आजीकडे कोथिंबीर चालत नाही, बायकोच्या माहेरी चालते. आईकडे जिरं चालतं, हळद नाही. भेंडी एका घरात चालते आणि दुसऱ्या घरात ती ऐकून लोक कानाला हात लावतात. शेजारच्या काकूंकडे मीठ सैंधवच लागतं, आणि वेफर्सच्या पुड्यात कोणतं मीठ असतं असं मी विचारलं तर त्या म्हणाल्या, तू फार प्रश्न विचारतोस.

आता त्या यादीला मघाचे तीन प्रश्न लावा. साबुदाणा हा कसावा नावाच्या कंदाचा स्टार्च, कंद दक्षिण अमेरिकेतला, कारखाने मुख्यतः तमिळनाडूत सेलमकडे, आणि नाव मलय भाषेतल्या सागूवरून आलेलं, जो तिकडे एका ताडासारख्या झाडाचा असतो, म्हणजे नाव एका झाडाचं आणि माल दुसऱ्याचाच. बटाटा अमेरिकेतला. रताळं अमेरिकेतलं. शेंगदाणा अमेरिकेतला, हिरवी मिरची अमेरिकेतली, राजगिऱ्याचंही मूळ तिकडेच. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये, म्हणजे आमच्या एकादशीच्या ताटातलं बहुतेक सगळं पाचशे वर्षांच्या आतलं, आणि एकादशी त्याच्या कितीतरी आधीची. वरई आणि शिंगाडा तेवढे जुने जाणते उरतात ताटात.

मग हे सगळं उपवासाला चालायला कसं लागलं? मला पटलेलं उत्तर असं की उपवासाचा नियम मुळात काय खावं याचा नव्हताच, काय टाळावं याचा होता. रोजचं धान्य, रोजची डाळ, नांगरून पिकवलेलं ते नको. नवीन आलेला बटाटा त्या जुन्या "नको"च्या यादीत नव्हता, कसा असेल, त्यामुळे तो दारातून आत आला. हळूहळू त्याचीच "हवं"ची यादी झाली आणि एकादशी दुप्पट खाशी सुरू झालं. हे कळल्यापासून माझी उपवासावरची चेष्टा कमी झालीय, खिचडी मात्र तेवढीच खातो.

वहीत याद्या शेजारीशेजारी लिहा आणि प्रत्येक "चालत नाही"पुढे, कोणी सांगितलं, हे लिहा. बहुतेक ठिकाणी "सासूबाईंनी" असं येईल. यादी धर्मातून आली असं आपण समजतो, पण हातात आलेली असते ती सासरच्या ओट्यावर, आणि लग्न होऊन आलेली मुलगी माहेरची यादी गुपचूप विसरते, तिला कोणी विसरायला सांगत नाही तरी.

"तुमच्यात" हा शब्द टाळा

दुसऱ्यांकडे विचारायला जाल तेव्हा भाषा सांभाळा. "तुमच्यात मटण खातात का?" या प्रश्नात "तुमच्यात" म्हणजे काय हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. जात विचारायचा तो घरगुती मार्ग आहे. त्याऐवजी एखादा पदार्थ धरा आणि त्याबद्दल विचारा. "तुमच्या घरी पोहे कधी करतात?" एवढं विचारलं तरी तासभर बोलणं होतं.

पोह्यांचं उदाहरण देतो. आमच्याकडे पोहे म्हणजे नाश्ता, आणि कांदेपोहे म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम, तो पदार्थ राहिलाच नाहीये, तो समारंभ झालाय. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीला सकाळी गोडाचे, तिखटाचे, दह्याचे असे पोह्यांचे प्रकार करतात. गोकुळाष्टमीला काल्यात पोहे. आणि कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, जे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणायचे, ते मलिद्याच्या विधीला गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं मांडून प्रार्थना करतात. धान्य तेच, त्याला अर्थ प्रत्येकाने आपापला दिलेला.

आता जरा नकोसा भाग. "नको म्हटलं"ची यादी काढा आणि त्यात कुठे "ई" आलंय ते बघा. भूक नव्हती म्हणून नको, आणि किळस आली म्हणून नको, हे वेगळं लिहायचं. माझ्या यादीत सुकटीचा वास होता. खालच्या मजल्यावर सुकट भाजली की मी खिडकी लावायचो. आम्ही काही शाकाहारी नाही, रविवारी मटण होतं, पण गुरुवारी नाही, श्रावणात नाही, आणि आजीने त्यासाठी वेगळं पातेलं ठेवलंय जे बाल्कनीत असतं. म्हणजे मटणाचा वास चालतो, सुकटीचा चालत नाही. नाकाला हे कोणी शिकवलं? संगमेश्वरला मामाकडे लहानपणी मी तीच सुकट खायचो, तसं आईने सांगितलं, मला आठवतही नव्हतं. सोसायटीत राहायला आल्यावर नाक बदललं.

हे एवढ्यावर थांबत नाही, त्यामुळे इथे घाई करू नका. पाणी, भांडं, पंगत यातून माणसाला किती लांब ठेवता येतं याचा आपला इतिहास ताजा आहे. जोतिराव फुल्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद सगळ्यांसाठी खुला केला, डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं, नुसतं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आज तो चवदार तळ्याचा प्रश्न "भाडेकरू व्हेजच हवा" या वाक्यात येऊन बसलाय. माझ्या एका मित्राला अशा तीन फ्लॅटना नकार मिळाला, आणि त्याने चौथ्या ठिकाणी व्हेज आहे असं सांगून घर घेतलं, आता तो अंडी बॅगेत लपवून आणतो. वजडी (जनावराचं पोट-आतडं), रक्ती (रक्ताचा पदार्थ), चान्या (सुकवलेलं मांस) हे शब्द तुमच्या वहीत एकदाही आले नसतील तर ते तुमच्या आवडीमुळे आले नाहीत की तुमच्या ओळखीची माणसं कोण आहेत त्यामुळे, हे स्वतःला विचारा. आणि उत्तर मिळालं की लगेच कोणाच्या घरी "टेस्ट करायला" जाऊ नका, प्लीज. बोलावलं तर जा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना

"पूर्वी काय खायचात?" असं विचारलंत तर "आमच्या वेळी सगळं अस्सल होतं" असं उत्तर येणार, आणि पुढे अर्धा तास भेसळीवर भाषण. प्रश्न बारीक हवा. शाळेतून आल्यावर काय मिळायचं? घरात गॅस आला तेव्हा पहिल्या दिवशी काय शिजवलं? पोळ्या कोणत्या दिवशी व्हायच्या? सगळ्यात वाईट जेवण कोणतं आठवतं? हा शेवटचा सगळ्यात चांगला चालतो. रेकॉर्डिंग करणार असाल तर विचारून करा, आणि हाताला काहीतरी काम असताना बोला, शेंगा फोडताना, भाजी निवडताना, समोरासमोर खुर्च्या टाकून कोणी बोलत नाही.

आजीला मी सगळ्यात वाईट जेवण विचारलं तर ती शेंगा फोडता फोडता म्हणाली, मिलो. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी रेशनवर मिळायची, तिला मिलो म्हणायचे. आजी तेव्हा पंचविशीतली, खडी फोडायच्या कामावर जायची, तिथे मजुरांना सुकडी नावाचा कोरडा खाऊ वाटायचे. मिलोच्या भाकरीचा रंग, तो वास, ती थापताना चिरायची कशी, हे ती पन्नास वर्षांनीही हाताने करून दाखवते. बाबा तेव्हा लहान होते. आणि तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली, की बाबा भाकरीला तोंड का लावत नाहीत. आम्ही सगळे समजायचो त्यांना पचत नाही. तेही तसंच सांगायचे, डॉक्टरलासुद्धा. नोकरी लागल्यावर त्यांनी घरात गव्हाचीच पोळी, असं ठरवून टाकलं, आणि मी त्या घरात वाढलो, त्यामुळे "मला भाकरी विशेष आवडत नाही" असं मीही वीस वर्षं सांगत फिरलो. माझी आवड बघा किती वर्षांपूर्वी आणि कुठल्या बोटीतून आली होती.

त्यावर गंमत अशी की आता उलटं झालंय. वाण्याकडे मालदांडी ज्वारी गव्हाच्या वर गेलीय, जी भरड धान्यं म्हणून हिणवली त्यांचं सरकारने २०२३ मध्ये श्रीअन्न असं नाव ठेवलंय, १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर केंद्रात मिळायची ती आता हायवेवरच्या हॉटेलात लाकडी पाटावर येते आणि बिल बघून घाम फुटतो. माझी बायको डॉक्टरच्या सांगण्यावरून भाकरी खाते, आजी सवयीने खाते, आणि बाबा दोघींकडे बघत पोळी खातात.

"कोणाबरोबर"चा रकाना: गरम पोळी कोणाला

चौदा दिवस झाले की सगळ्या पानांवरून एकदा फक्त "कोणाबरोबर" हा रकाना वाचत जा, बाकी काही वाचू नका. माझ्या वहीत रात्रीच्या जेवणाला बाबा, आजी, मी, आणि बायको ऑफिसातून वेळेत आली तर बायको. आई चौदापैकी दोनच रात्री. एक एकादशी होती, आणि एकदा हॉटेलातून पार्सल आणलेलं. म्हणजे ज्या दिवशी पोळ्या नव्हत्या त्या दिवशी ती बसली. बाकी बारा दिवस ती तव्यापाशी, आम्ही एकेक फुगलेली पोळी घेतोय, आणि शेवटी तिच्या वाट्याला खाली राहिलेल्या दोन आणि भाजीचं पातेलं, ताटसुद्धा नाही. हे मी रोज बघत होतो, वहीत आल्याशिवाय दिसलं नाही. "गरम पोळीशिवाय जेवण जात नाही" हे वाक्य मी किती सहज बोलायचो, त्या वाक्यासाठी कोणीतरी उभं राहतंय हे त्यात कुठेच नव्हतं. पोळ्या मी अजूनही करत नाही नीट, नकाशे होतात, पण डब्यात करून ठेवलेल्या खातो आता.

आईला काय आवडतं हे लिहायला गेलो तर रकाना रिकामा. विचारलं, म्हणाली मला काय, काहीही चालतं. हे उत्तर लिहून घेऊ नका, नवीन माणूस तेच लिहून मोकळा होतो. चार दिवसांनी परत विचारलं, तर म्हणाली बाबांना भरलं वांगं आवडतं. तिसऱ्यांदा, ती लसूण सोलत होती तेव्हा, म्हणाली कुळथाची पिठी आणि गरम भात. लग्न झाल्यावर दोनदा केली होती, कोणी खाल्ली नाही, मग सोडून दिली. तेहतीस वर्षं.

पीठ मामाने संगमेश्वरहून एसटीने पाठवलं. स्वारगेटला जाऊन मी डबा घेऊन आलो. आईने लसणीची फोडणी दिली, आमसूल टाकलं, भाताचा कुकर लावला. बाबांनी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं आणि मग आजीच्या ताटातली भाकरी उचलून पिठीत कुस्करली. आई म्हणाली, पिठीबरोबर भाकरी नाही खात हो. पण ती हे ताटावर बसून म्हणाली, आमच्याबरोबर, कारण भात सगळ्यांचा एकदमच होतो. चौदा दिवस संपलेले होते, वहीत जागा नव्हती, म्हणून ते मी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलंय.